अडतीस हजारांच्या कोटेशनमधलं कोणतं काम घरी करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली. चोपडा-शिरपूर रोजचं जाणं-येणं, अधूनमधून चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला. खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड आवाज येतो, गाडी लावताना स्टिअरिंग जड वाटतं. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली पंधरा दिवसांत तळाला जाते आणि गेल्या खेपेला घाटात एसी चालू असताना तापमानाचा काटा वर चढला. जळगावच्या एका गॅरेजने स्टिअरिंग असेंब्ली, रेडिएटर, वॉटर पंप आणि सगळे होस पाइप मिळून ३८,००० रुपये सांगितले. गाडी विकायला काढली तर पावणेदोन लाखांच्या आसपास येतील. घरी ट्रॅक्टर असल्याने पान्ह्यांचा संच आहे आणि ट्रॅक्टरची बरीच कामं तुम्ही दोघे भाऊ घरीच करता. मग हे काम घरी का करू नये, असं तुम्ही विचारता.

माझं पाचोऱ्याला गॅरेज आहे आणि अशी कोटेशनं हातात घेऊन माझ्याकडे नेहमी कोणी ना कोणी येतं. बहुतेकांचा प्रश्न ‘मला जमेल का’ असा असतो. तुमच्याबाबतीत मला त्याची काळजी नाही. ट्रॅक्टरची क्लच प्लेट बदलणाऱ्याला रेडिएटर उतरवणं जड नाही. मी दोन वेगळे प्रश्न विचारीन. या ३८,००० मधलं कोणतं काम गाडीला खरोखर लागणार आहे? आणि काम करताना चूक झाली, तर ती कुठे उघडी पडेल, अंगणात की रस्त्यावर?

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. होस पाइपची क्लिप ढिली राहिली तर इंजिन गरम होताच खाली थेंब पडतात, तुम्ही क्लिप आवळता, विषय संपतो. स्टिअरिंगचा नट नीट बसला नसेल तर अंगणात काहीच दिसत नाही. गाडी गावात चार दिवस व्यवस्थित चालते, आणि मग ऐंशीच्या वेगात, समोरून उसाची ट्रॉली येत असताना तो नट सुटतो. म्हणून माझं मत असं, की तपासणी दोन्हीची स्वतः करा, कूलंटचं बरंचसं काम स्वतः करा, आणि स्टिअरिंगमध्ये जे उघडायचं-जोडायचं आहे ते रोज तेच करणाऱ्या हातांकडे द्या. मात्र तपासणी करून जा, म्हणजे जे बिघडलंय तेवढंच बदललं जाईल.

गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याची अडचण मला ठाऊक आहे. आवाज कुठून येतो ते शोधायला तास जातो, त्या तासाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, आणि एक भाग बदलून आवाज राहिला तर तोच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो. सगळी असेंब्ली बदलली की तक्रार परत येण्याची शक्यता कमी. त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. तुमच्याकडे वेळ आहे आणि गाडी तुमची आहे, म्हणून तो तास तुम्ही द्यायचा.

आता कूलंट. याचा उलगडा होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, शिरपूरलाही शक्यतो नेऊ नका. आजच्या बहुतेक इंजिनांचा हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, ॲल्युमिनियमचा असतो. एकदा जास्त तापला की तो वाकतो, त्याच्याखालचं सील म्हणजे हेड गॅसकेट जातं, आणि काही शेकड्यांच्या होससाठी सुरू झालेला खर्च ३८,००० च्या पुढे निघून जातो. काट्यावर भरवसा ठेवूनही चालवू नका. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर इंजिन भाजत असताना काटा मधे किंवा खालीसुद्धा दिसू शकतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

आपल्याकडे हा त्रास उन्हाळ्यात का उफाळतो ते समजून घ्या, कारण त्यावरूनच तपासणीचा क्रम ठरतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. डिसेंबरच्या पहाटे हवा १५ अंश आणि कूलंट ९० अंश, म्हणजे फरक ७५ चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ वर असतो, तेव्हा फरक उरतो ४५ चा. त्यात एसी लावला की रेडिएटरच्या पुढे बसलेला एसीचा कंडेन्सर तीच हवा आणखी तापवून मागे सोडतो. म्हणजे अर्धा चोंदलेला रेडिएटर हिवाळाभर कुरकुर न करता चालतो आणि मेमध्ये घाटात हार मानतो. बिघाड जुनाच असतो, तो आता दिसायला लागतो.

‘गाडी तापी ऱ्हायनी’ म्हणून जो येतो त्याला मी आधी विचारतो, कधी तापते? गर्दीत किंवा उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. पंख्याची मोटर, रिले, फ्यूज, तापमानाचा स्विच. उलट गावात ठीक आणि घाटात किंवा जोरात पळवताना तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदला आहे, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी झडप, पूर्ण उघडत नाही, किंवा कूलंटच कमी आहे. तुमची घाटात तापते आणि कूलंटही कमी होतं. दोन्ही लक्षणं जोडली तर गळती आधी शोधायची, चोंदणं नंतर.

त्याच्याही आधी एक चाचणी करा, कारण तिच्या निकालावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं किंवा बाटलीचं दाबाचं झाकण उघडा, कूलंट वरपर्यंत भरा आणि इंजिन सुरू करून बघत राहा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते. पण ते थांबत नसतील, एकसारखे येत राहिले आणि आक्सिलेटर दिल्यावर वाढले, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. मग झाकण लावून आणखी एक खूण बघा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर तेच कारण. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चिकटा, हीही त्याच कुळातली लक्षणं. यातलं काही निघालं तर थांबा. हेड उतरवायचं काम आहे, त्यात हेड मशीनवर तपासून घ्यावा लागतो, नवे बोल्ट लागतात, ते ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या ताकदीने आवळावे लागतात. ते घरी करू नका. आणि तसं असेल तर नवा रेडिएटर, नवा पंप टाकूनही गाडी तापतच राहील, हे त्या गॅरेजवाल्यालाही विचारा.

बुडबुडे नाहीत? मग गळती बाहेर आहे, आणि ती सापडते. पुढचा भाग पाण्याने धुऊन वाळू द्या, खाली स्वच्छ पुठ्ठा टाका, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि तासाभराने पाहा. वाळलेलं कूलंट पांढरट किंवा हिरवट-गुलाबी खरपुडी ठेवून जातं. ती खरपुडी होसच्या टोकाशी आहे का, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमच्या जाळीच्या सांध्यावर आहे का, की वॉटर पंपाच्या खाली आहे, ते टॉर्च घेऊन बघा. वॉटर पंपाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून ओघळ येतो. ओघळ तिथून असेल तर पंप गेला, नसेल तर पंप बदलायचं कारण उरत नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या पायाखालचं कार्पेट ओलं आणि चिकट लागतं का तेही बघा, कारण हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या आत असते आणि तिची गळती खाली पुठ्ठ्यावर पडत नाही. इतकं करूनही सापडलं नाही तर ज्या गॅरेजकडे कूलंटला दाब देऊन तपासायचा हातपंप आहे, तिथे तेवढीच तपासणी मजुरी देऊन करून घ्या. थंड इंजिनला दाब दिला की लपलेली गळती बाहेर येते.

एक स्वस्त भाग लोक विसरतात तो म्हणजे दाबाचं झाकण. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून तेच मिश्रण आत सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मऊ पडली की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर फेकलं जातं. मग बाटली रिकामी होते आणि गळती तर कुठेच दिसत नाही. झाकणावर लिहिलेला दाब बघून तोच आकडा असलेलं चांगल्या कंपनीचं झाकण घ्या. तुमच्या जागी मी खर्च इथूनच सुरू केला असता.

जाळीचं बाहेरून चोंदणं आपल्या भागात फार होतं. कापसाच्या हंगामात हवेतला तंतू, शेतरस्त्यांची धूळ, किडे हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन नमद्यासारखं बसतं. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. रेडिएटर वरून सैल करून थोडा मागे ओढला की खरं दिसतं. आतल्या बाजूने बाहेर, मंद धारेने पाणी मारा. कार धुण्याच्या जोरदार धारेने जाळीची पाती आडवी पडतात आणि मग हवा जातच नाही.

आतून चोंदण्याचं कारण बहुधा बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. कूलंट कमी झालं की बाटलीत तेच ओततात, आणि किटलीत बसतो तसा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तुम्ही आजवर काय टाकत आलात ते आठवा. बॅटरीत टाकायचं, क्षार काढलेलं डीएम पाणी बॅटरीच्या दुकानात सहज मिळतं, फक्त तेच वापरा, किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हा रंग कंपनी आपल्या मनाने टाकते, त्यातली रसायनं वेगळी असू शकतात, आणि दोन प्रकार मिसळले की गंजरोधक गुण लवकर संपतो, कधी गाळ धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तो घ्या. जुनं काय होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, डीएम पाण्याने धुऊन मग नवं भरा.

तर यातलं घरी काय करावं? झाकण, होस, क्लिपा, थर्मोस्टॅट, रेडिएटर. हे सगळं तुम्हाला येईल. रेडिएटर करताना एवढं सांभाळा, की एसीच्या कंडेन्सरचे पाइप उघडायचे नाहीत आणि वाकवायचेही नाहीत, त्यात दाबाखालचा गॅस असतो. कंडेन्सर जागच्या जागी बांधून ठेवा आणि रेडिएटर एकटा काढा. काही गाड्यांत त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो. रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, ट्रॅक्टरच्या सवयीने ड्रेन प्लग आवळलात तर आटे जातील. वॉटर पंपाचं उत्तर इंजिनवर अवलंबून आहे. पंप बाहेरच्या पट्ट्यावर, म्हणजे अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर चालत असेल तर घरी करता येतो. टायमिंग बेल्टवर चालत असेल तर हात लावू नका, कारण टायमिंग एखादा दात जरी चुकलं तरी डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. तुमच्या गाडीत कोणता आहे ते पुस्तिकेवरून किंवा सुट्या भागांच्या दुकानात इंजिनचा प्रकार सांगून आधी पक्कं करा.

थर्मोस्टॅट खराब निघाला तर नवा टाका, काढून टाकू नका. ‘खान्देशच्या उन्हात त्याची गरज नाही’ असं बरेच मिस्त्री सांगतात. मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिनला त्याच्या ठरलेल्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड चालतं, डिझेल जास्त पितं, सिलिंडरची झीज वाढते, आणि मूळ बिघाड झाकला जातो.

गरम इंजिनचं झाकण उघडू नका, ओलं फडकं घेऊनही नाही. वरचा होस मुठीत धरून सहज दाबता आला म्हणजेच उघडायची वेळ झाली. काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून हात आत घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली, आणि सावली बघून थांबा. काटा लालमध्ये गेला असेल तर इंजिनही बंद करा. तापलेल्या इंजिनवर बाहेरून किंवा आत गार पाणी ओतणं म्हणजे हेडला तडा देणं.

कूलंट भरताना हवा अडकते, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांचं काम बहुतेक इथेच फसतं. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, कूलंट हळूहळू ओता, जिथे हवा काढायचा स्क्रू दिला असेल तिथून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट येऊ द्या. मग पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा. हीटरची हवा कडक गरम येते आणि खालचा होसही तापतो, म्हणजे कूलंट फिरतंय. गार झाल्यावर पुन्हा पातळी बघा आणि पुढचे आठ दिवस रोज सकाळी बघा. एक कळकळीची विनंती. काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं ठेवू नका, बांधावर किंवा गटारीत ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. कुत्रं, वासरू, लहान मूल कोणीही तोंड लावेल. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर लिहून, सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या.

आता स्टिअरिंग. तुमच्या वर्णनात तेलाचा उल्लेख नाही, आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं, मोटर वर कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंग व्हीलच्या दांड्यावर, बसलेली. तसं असेल तर खालचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा आडवा दांडा, हा साधा यांत्रिक भाग आहे, त्यात तेल नाही, सील नाही. बॉनेटखाली स्टिअरिंगच्या तेलाची वेगळी बाटली दिसली तर मात्र तुमचं हायड्रॉलिक आहे. मग आधी त्या तेलाची पातळी बघा, आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. बुटात तेल भरलेलं असेल तर रॅकची सीलं गेली आहेत.

जड वाटण्याचं पहिलं कारण टायरमधली हवा. हसू नका, पुढच्या दोन टायरांत पाच-सात पाउंड हवा कमी असली तरी उभ्या गाडीत स्टिअरिंग जड होतं. दुसरं, बॅटरी आणि तिची टोकं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर मोठा करंट ओढते, व्होल्टेज पडलं की मदत कमी करते. स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागत असेल तर स्कॅनरवर कोड बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

खडखड आवाजाचं म्हणाल, तर तुमच्या चोपडा-शिरपूरच्या, म्हणजे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत तो रॅकमधून येण्याआधी दुसऱ्या चार जागांहून येतो. स्टॅबिलायझरची लिंक रॉड, लोअर आर्मचं बुश, बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरचं माउंटिंग. त्यानंतर टाय रॉड एंड, म्हणजे रॅक चाकाला जोडणारा सांधा, आणि मग रॅक. कमी वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक असा आवाज बहुतेक वेळा लिंक रॉडचा निघतो, आणि तो भाग या सगळ्यांत स्वस्त. असेंब्ली बदलूनही आवाज जसाच्या तसा राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तपासणी दोघांनी करायची. गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. तुमच्या मोठ्या भावांनी स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे दोन-दोन इंच झटक्याने हलवायचं, तुम्ही बाजूने हात घालून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. ज्या सांध्यात ढिलाई आहे तिथे बोटाला टक्क असा धक्का लागतो. मग पुढचं एक चाक उचला, गाडी स्टँडवर टेकवा. चाक घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड. बारा आणि सहाच्या जागी खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. रबरी बूट फाटलाय का तेही याच वेळी बघा. फाटलेल्या बुटातून काळ्या मातीची धूळ आत गेली की ग्रीसबरोबर मिसळून सांधा घासत राहते. या सगळ्यात एकही नट उघडायचा नाही, आणि तरी ३८,००० चा मोठा हिस्सा कुठे जाणार ते इथेच ठरतं.

जॅकचं काम मात्र ट्रॅक्टरच्या आत्मविश्वासाने करू नका. काळ्या मातीत जॅक रुततो, शहाबादी फरशी तडकते. सिमेंटचा कोबा असेल तिथेच करा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर म्हणून उटी लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही. विटांचा थर स्टँड म्हणून चालत नाही, वीट एकदम फुटते.

निदान झाल्यावर दुरुस्ती कोणी करायची? लिंक रॉड तुम्ही करा. तो तुटला तरी गाडी वळते, फक्त आवाज येतो आणि वळणावर जास्त कलते. टाय रॉड एंड हा सीमेवरचा भाग आहे. काढणं अवघड नाही, पुलर लावला की टेपर सुटतो. पण नवा बसवल्यावर नट ठरलेल्या ताकदीला आवळायचा, स्प्लिट पिन असेल तर नवी घालायची, नायलॉक नट असेल तर नवा वापरायचा, जुना दुसऱ्यांदा नाही. आणि लगेच अलाइनमेंट. किती आटे फिरवून काढला ते मोजून तितकेच फिरवून बसवलं म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येतं, त्यापलीकडे नाही. चाकं आत-बाहेर झाली तर टायरची एक कड थोड्या दिवसांत खाल्ली जाते. तुमच्याजवळ टॉर्क रेंच, म्हणजे किती ताकदीने आवळलं ते दाखवणारा पान्हा, नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या.

पूर्ण रॅक घरी काढू नका, तुमचा हात कितीही बसलेला असला तरी. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी इंजिनखालची क्रॉस फ्रेम खाली घ्यावी लागते. कॉलमचा क्रॉस, म्हणजे खालचा फिरता सांधा, रॅकच्या दांड्यावर जिथे बसतो, तिथे बोल्ट दांड्याच्या खाचेतूनच जायला हवा. दांडा अर्धवट बसला असेल तरी बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटतो, आणि तो क्रॉस कधी निसटेल सांगता येत नाही. रॅक सुटा असताना स्टिअरिंग व्हील मोकळं फिरलं तर एअरबॅगची आतली गुंडाळी केबल तुटते, तिचा खर्च वेगळा. काही गाड्यांत शेवटी स्कॅनरवर मध्य ठरवून द्यावा लागतो. पण रॅकच खराब निघाला तरी लगेच नवी असेंब्ली घेऊ नका. अनेक गाड्यांच्या रॅकचं बुश वेगळं मिळतं, आणि रॅकच्या मागचा ॲडजस्टर जरा आवळूनही ढिलाई जाते. तो जास्त आवळला तर वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, म्हणून हेही जाणत्याकडूनच. भंगारातला रॅक घेऊ नका. ती गाडी ठोकलेली होती की नाही, हे रॅकवर लिहिलेलं नसतं.

पैशांचं गणित आता करता येईल. गॅरेजला सांगा, कोटेशन फोडून द्या. प्रत्येक भागाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, भाग कोणत्या कंपनीचा तेही. ते घेऊन जळगावच्या अजिंठा चौफुलीकडच्या दोन-तीन दुकानांत तेच भाग विचारा. कूलंटचं काम घरी केलंत तर तेवढी मजुरी वाचते, पण टॉर्क रेंच, स्टँड, पुलर विकत घ्यायचे असतील तर पहिल्या वेळी ती बचत त्यातच जाते. ती हत्यारं पुढे उपयोगी पडतील म्हणून घेणार असाल तर घ्या. गाडी तीन दिवस अंगणात खोलून पडली तर शिरपूरला कशाने जाणार, तेही धरा. ३८,००० म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त, हे खरं. पण त्या पैशांत तुम्हाला दुसरी भरवशाची गाडी मिळणार नाही. म्हणून विकायचा विचार मी फक्त एका परिस्थितीत करीन. हेड गॅसकेट गेलेलं निघालं आणि त्याच वेळी खालचा पत्रा गंजलेला असेल तर.

क्रम असा ठेवा. उद्या सकाळी थंड इंजिनवर बुडबुड्यांची चाचणी. ती निर्धोक निघाली तर झाकण बदला, गळती शोधा, जाळी धुवा, आणि गळका भाग तेवढाच घाला. रविवारी सुट्या भागांची बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खोलायचं ते शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. त्याच दिवशी टायरची हवा बघा, भावांना स्टिअरिंगवर बसवून सांधे तपासा आणि ढिल्या सांध्यावर खडूने खूण करा. मग खूण दाखवून गॅरेजला काम द्या. बदललेले जुने भाग परत मागा, ते हातात घेऊन हलवून बघा. अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची छापील पट्टी घ्या, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर त्याच गॅरेजमध्ये नटांवर पुन्हा एकदा टॉर्क रेंच फिरवून घ्या.